मावळतीकडचा कॉक

तासगावच्या द्राक्षबागेत मालक गड्याला हाक देतो, “मावळतीकडचा कॉक बंद कर की रं!” डावीकडचा, उजवीकडचा असं तो म्हणत नाही. गडी कुठंही तोंड करून उभा असो, मावळत हलत नाही. खरेदीखतातली चतुःसीमाही ‘पूर्वेस, पश्चिमेस’ अशीच लिहितात.

‘भाषा बदलली की मेंदूच बदलतो’ असले मेसेज हल्ली फार फिरतात. मूळ संशोधन त्याहून सावध आहे, आणि कितीतरी सुंदरही.

मेक्सिकोतल्या त्सेल्टाल भाषेत डावं-उजवं करून जागा सांगायची रीत जवळजवळ नाहीच. त्यांच्या मुलखाचा चढ दक्षिणेला, म्हणून दक्षिण म्हणजे ‘वर’, उत्तर म्हणजे ‘खाली’. अगदी सपाट टेबलावरसुद्धा. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तिथं प्रयोग केले. टेबलावर खेळण्यातली जनावरं रांगेत मांडायची. समोरच्यानं ती लक्षात ठेवायची, पाठ फिरवून दुसऱ्या टेबलापाशी जायचं आणि होती तशी मांडायची. समजा, पहिली रांग त्याच्या उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे, तोंड करून होती. तुलनेसाठी घेतलेली डच माणसं वळल्यावरही ती उजवीकडेच लावत. त्सेल्टाल बोलणारे बहुतेक जण ती उत्तरेकडे लावत, म्हणजे आता स्वतःच्या डावीकडे!

असं का व्हावं? ‘रांग माझ्या उजवीकडे’ एवढंच लक्षात राहिलं, तर ती उत्तरेकडे होती का, हे नंतर कितीही डोकं खाजवून काढता येत नाही. त्या वेळी माझं तोंड कुठं होतं, हेही साठवलेलं लागतं. उद्या सांगताना दिशा लागणारच असेल, तर आज बघतानाच ती टिपावी लागते. बोलण्याची गरज अशी बघण्यातच शिरते. सापेक्ष चौकटीतली (डाव्या-उजव्याची) आठवण निरपेक्ष चौकटीत (उत्तर-दक्षिणेत) आपोआप उतरत नाही, ती याचमुळे.

‘दक्षिणमुखी घर अशुभ’ म्हणणाऱ्या वास्तुवाल्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. दिशेचं भान सरावानं येतं. दिशेला शुभ-अशुभ चिकटवणं ही निव्वळ अंधश्रद्धा.

पण हे सगळं एकट्या भाषेमुळंच का? २००२ मध्ये पेगी ली आणि लीला ग्लाइटमन या संशोधकांनी अमेरिकन विद्यार्थ्यांवर असेच प्रयोग केले, तेव्हा आसपासच्या खुणांप्रमाणे उत्तरं बदलली. एरिक पेडरसन या भाषाशास्त्रज्ञांना तर खेड्यातले आणि शहरातले तमिळ भाषक यात वेगळे आढळले. भाषा एकच, बोलण्याची सवय निराळी. मला खरं बळ त्या सवयीत दिसतं.

मिरजेच्या फ्लॅटमधला नातू आणि वाळव्याचे आजोबा, दोघंही मराठीच बोलतात. सुट्टीत दोघांवर हा प्रयोग करून बघा. मात्र सूचना देताना ‘उजवीकडे’ किंवा ‘उगवतीला’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. ‘होती तशी मांडा’ एवढंच म्हणा.