स्की केंद्रांचे हिमव्यवस्थापन

स्की केंद्रांचे हिमव्यवस्थापन : बर्फ कधी पडेल, किती पडेल आणि किती टिकेल याची शाश्वती नसताना स्की केंद्राच्या चालकांना घ्यावे लागणारे निर्णय. यांतले काही एका रात्रीपुरते असतात, काही पुढच्या तीस वर्षांचे.

आल्प्समध्ये पहिली कसोटी नोव्हेंबरातच लागते. नाताळ ते नववर्ष हे कमाईचे दिवस. त्याआधी उतारांवर बर्फाचा थर बसलेला हवा. त्यासाठी हिमतोफांनी पाण्याचे तुषार उडवून कृत्रिम बर्फ पाडतात. ओल्या तापमापकाचा, म्हणजे फुग्याभोवती ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकाचा, पारा साधारण –२° से.खाली गेला तरच हे जमते. हवा जितकी कोरडी तितके कापडातले पाणी वेगाने उडते आणि हा पारा हवेच्या तापमानापेक्षा खाली उतरतो. म्हणून हवा कोरडी असेल तर शून्याच्या किंचित वरही तोफा चालतात, दमट असेल तर –१° से.लाही काम होत नाही. थंडी पडताच तोफा सुरू कराव्यात, तर आठवड्याभरात उबदार वारे येऊन पाणी, वीज, बर्फ सगळेच वाया जाण्याची भीती. थांबावे, तर नाताळापूर्वी तशी थंडी पुन्हा पडेलच असे नाही. अख्ख्या हिवाळ्याचा अंदाज युरोपात फारसा विश्वासार्ह नसतो. त्यामुळे थोडी नासाडी पत्करलेली बरी, हा हिशेब समजण्यासारखा आहे.

गुलमर्गची गोष्ट वेगळी. तिथे भिस्त नैसर्गिक बर्फावर असल्याने तारीख बदलणे एवढेच हाती उरते. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तेथील टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला.

दूरचा विचार करताना जुना ठोकताळा असा : १ डिसेंबर ते मध्य एप्रिल या काळात किमान १०० दिवस ३० सेंमी. बर्फ असेल, आणि दहांपैकी सात हिवाळे तसे जातील, तर केंद्र भरवशाचे. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार आल्प्समधील ६६६ केंद्रांपैकी ६०९ नैसर्गिक बर्फावर तगू शकत होती. तापमान २° से.ने वाढल्यास ४०४ उरतील. तोफांमुळे ही घट काही काळ झाकली जाते. पण तोफा आणि पाळणे (स्कीपटूंना उतारावर वर नेणारे रज्जुमार्ग) यांवर आधीच ओतलेला पैसा वसूल व्हावा म्हणून आणखी पैसा ओतला जातो, हा या उपायाचा खरा धोका.

फ्रान्सच्या ज्युरा पर्वतातील मेताबिएफ केंद्राने मात्र हे चक्र तोडायचे ठरवले. माँ दोर हे तेथील शिखर जेमतेम १,४६३ मी. उंच. नव्या पाळण्याचा खर्च भरून निघायला लागणारी वर्षे बर्फ देईल का, या प्रश्नाला चालकांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. उतारांवरील स्की २०३०–३५ च्या सुमारास संपेल असे गृहीत धरून त्यांनी नवी खरेदी टाळली आणि असलेले पाळणेच डागडुजी करून तोवर चालवण्याचे धोरण आखले.