केशरी म्हणजे नेमका किती केशरी?

मॅचिंग सेंटरमध्ये ट्यूबलाइटखाली साडीला तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस घरी आणून उन्हात धरला की भलताच दिसतो. म्हणून तर जाणत्या बायका कापड घेऊन आधी दुकानाच्या दाराशी जातात. रंग कापडात साठवून ठेवलेला नसतो. कापडावर पडलेल्या उजेडातला काही भाग रंगद्रव्य शोषून घेतं, उरलेला डोळ्यांपर्यंत येतो. त्यामुळे वेगवेगळ्या रंगद्रव्यांत बुडवलेली दोन कापडं एका उजेडात जुळी आणि दुसऱ्या उजेडात परकी वाटू शकतात. ब्लाउजपीसच्या बाबतीत चालून जातं. राष्ट्रध्वजाचं काय?

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी ठराव केला, तेव्हा गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे तीन सारखे पट्टे ठरले. पण केशरी म्हणजे कोणता? हापूसच्या फोडीचा, झेंडूचा, की जिलबीचा? खरं केशर दुधात खललं तर दूध पिवळंच होतं!

हा गोंधळ शब्दांनी सुटणार नव्हता, तो आकड्यांनी सोडवला. भारतीय मानक संस्थेने काढलेलं पहिल्या क्रमांकाचं मानक (१९५१) ध्वजाचंच आहे. त्यातली रंगमोजणी १९३१ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीवर उभी आहे. त्याआधी इंग्लंडमध्ये दोन संशोधकांनी आपापल्या स्वतंत्र प्रयोगांत एकूण अवघ्या १७ जणांना समोरच्या रंगाशी जुळेपर्यंत लाल, हिरवा आणि निळा प्रकाश कमीजास्त मिसळायला लावला होता. त्या नोंदींच्या सरासरीतून एक 'प्रमाण डोळा' तयार झाला. जगभरचे रंग आजही त्या १७ जणांच्या नजरेने मोजले जातात, याची मला गंमत वाटते.

या पद्धतीत रंगाची जागा नकाशावरच्या गावासारखी दोन अंकांनी सांगतात. आपला केशरी ०.५३८ आणि ०.३६० या जागी आहे. तिसरा आकडा उजळपणाचा: पांढऱ्याचा ७२.६ टक्के, केशरीचा २१.५ आणि हिरव्याचा जेमतेम ८.९. म्हणजे हिरवा पट्टा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच काळोखा आहे. हे सगळं कोणत्या उजेडात मोजायचं तेही ठरलेलं आहे: सरासरी दिवसाच्या उजेडात. दाराशी जाणाऱ्या बायकांचंच म्हणणं, फक्त दशांश चिन्हासकट.

अर्थांचं मात्र असं पक्कं झालं नाही. १९२१ साली गांधीजींनी सुचवलेल्या झेंड्यात लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सगळ्यांचा होता. त्यावरून वाद झाले. १९३१ मध्ये काँग्रेसने नेमलेल्या सात जणांच्या समितीने, ज्यात साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकरही होते, सबंध केशरी झेंडा सुचवला. तो मान्य झाला नाही. तीन रंगच राहिले, पण लालाच्या जागी केशरी आला आणि धर्मांऐवजी गुण आले: धैर्य-त्याग, सत्य-शांती, श्रद्धा-शौर्य. १९४७ च्या ठरावात तर रंगांचे अर्थ लिहिलेलेच नाहीत. शाळेत आपण जे पाठ करतो ते ठरावाबाहेरचं.

कापडावर रंग टिकवणं ही आणखी वेगळी लढाई. उन्हातले अतिनील किरण, हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा मिळून रंगद्रव्याच्या रेणूंची मोडतोड करतात. रेणूची रचना बदलली की तो पूर्वीचा प्रकाश शोषेनासा होतो आणि कापड विटतं. म्हणून उन्हातला पक्केपणा तपासताना नमुन्याशेजारी निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या ठेवतात, लवकर विटणारीपासून हट्टी रंगापर्यंत. नमुना ज्या पट्टीबरोबर फिका पडेल, तो त्याचा दर्जा. नांदेड आणि हुबळीत ज्या खादी संस्था राष्ट्रध्वज तयार करतात, त्यांना कापड, शिलाई आणि रंग या सगळ्या कसोट्यांना उतरावं लागतं.

डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत पॉलिस्टरलाही परवानगी मिळाली आणि जुलै २०२२ पासून उघड्यावरचा ध्वज रात्रीही फडकत ठेवता येतो. पॉलिस्टर सुती रंग धरत नाही, त्याला वेगळ्या जातीची रंगद्रव्यं लागतात. मग मॅचिंग सेंटरचाच खेळ सुरू होतो. पंधरा ऑगस्टला आमच्या गल्लीत ओळीने तीन गॅलऱ्यांत तीन झेंडे होते: एक गाजरी, एक नारिंगी, एक जवळजवळ भगवा. रात्री कोपऱ्यावरचा सोडियमचा पिवळा दिवा लागला आणि तिन्ही सारखेच मातकट दिसू लागले, हिरवे पट्टे तर थेट काळे.