निचऱ्याच्या नळीत दूध कुठून आलं?

इंदूरला रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंचा नातू 14 महिन्यांचा असताना त्याचं ऑपरेशन झालं. हृदयातून निघणारी महाधमनी एका जागी जन्मापासूनच चिमटल्यासारखी अरुंद होती. तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली. सगळं नीट पार पडलं. छातीत लावलेल्या नळीतून दोन दिवस लालसर पाणी आलं, ते कमीही होत गेलं. तिसऱ्या दिवशी बाळाला दूध सुरू केलं आणि संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज कापत होता. "अगं, पाजलेलं दूध नळीतून बाहेर येतंय. पोटाला भोक पडलं का गं त्याच्या?"

पोटाला काही झालेलं नव्हतं. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या पांढऱ्या पाण्याचं नाव मला ठाऊक होतं : काइल. ते छातीत, फुप्फुसाभोवती साठतं तेव्हा त्या विकाराला कायलोथोरॅक्स म्हणतात. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर साधारण 100 पैकी 2 ते 5 जणांत तो दिसतो. म्हणजे बहुतेक आईबापांच्या कानावर हा शब्द कधी पडत नाही, आणि पडतो तेव्हा आयसीयूच्या दारात उभं असताना पडतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आपण खाल्लेली साखर आणि प्रथिनं पचून आतड्यातून सरळ रक्तात जातात. तुपातेलाचं तसं नाही. त्यातली चरबी पचून पुन्हा जुळते, तिचे बारीक गोळे होतात, आणि हे गोळे रक्ताच्या केशवाहिन्यांत शिरायला फार मोठे असतात. इंदूरच्या माणसाला हे लगेच कळेल. मोठे ट्रक राजवाड्याच्या गल्ल्यांत शिरत नाहीत, बायपास धरतात. चरबीचा बायपास म्हणजे लसीकावाहिन्या. त्यांतून वाहणारं पाणी म्हणजे लसीका; तिच्यात जेवणातली चरबी मिसळली की तेच पांढरं काइल. पोटातल्या अशा सगळ्या वाहिन्या एका नळीला मिळतात. ती नळी पाठीच्या कण्याला लागून छातीत वर चढते, मध्यावर उजवीकडून डावीकडे वळते, महाधमनीच्या कमानीमागून जाते आणि मानेच्या बुडाशी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत उघडते. मोठ्या माणसातसुद्धा तिची रुंदी जेमतेम 2 ते 3 मिलिमीटर असते. बाळाची किती नाजूक असेल!

ही नळी उपाशीपोटी दिसतच नाही, कारण तेव्हा तिच्यात स्वच्छ पाणी वाहतं. इटलीत मिलान इथं 1622 साली गास्पारो असेली या शरीरशास्त्रज्ञानं नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तेव्हा आतड्याच्या पडद्यावर त्याला पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. उपाशी कुत्र्यात ते दिसेना. छातीतली मोठी नळी झाँ पेके यानं 1651 मध्ये मांडली, तीही कुत्र्यांमध्येच पाहून. ऑपरेशनच्या टेबलावर येणारं मूल उपाशीच असतं. अरुंद महाधमनी मोकळी करताना शेजारची ही पारदर्शक नळी किंवा तिची एखादी फांदी दुखावली, तर ते त्या वेळी कळणं अवघड. दूध सुरू झालं की मग ती गळती पांढरी होऊन समोर येते. यात सर्जनचा हलगर्जीपणा शोधू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

नळी न दुखावताही हे होऊ शकतं. ग्लेन किंवा फोंटन या शस्त्रक्रियांत शिरांतलं रक्त थेट फुप्फुसाकडे वळवतात, त्यामुळे शिरांमधला दाब वाढतो आणि लसीकेला रिकामं व्हायला जागा उरत नाही. मानेच्या शिरेत गुठळी झाली तरी तेच. मग ती वाट फुटेल तिथून झिरपते.

निचऱ्याच्या नळीतून आलेलं ते पाणी रात्रभर ठेवलं तर त्यावर सायीसारखा थर धरतो. पण डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत. त्यातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, डेसिलिटरला 110 मिलिग्रॅमच्या वर आहे का आणि पेशींत लिम्फोसाइट बहुसंख्य आहेत का, हे तपासतात. नुसती चरबीच वाहून जात नाही. प्रथिनं, प्रतिपिंडं आणि जंतूंशी लढणाऱ्या या पेशीही जातात. गळती लांबली की मूल हडकतं आणि जंतुसंसर्गाला सोपं सावज होतं.

आणि उपाय? तो बराचसा स्वयंपाकघरात आहे. बायपासवरची वाहतूकच थांबवायची, म्हणजे नळीतला प्रवाह उतरतो आणि जखम भरून येते. साधारण 4 ते 6 आठवडे नेहमीची चरबी जवळपास बंद. तिच्या जागी एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीची चरबी देतात. ती छोट्या गाडीसारखी गल्लीतून, रक्तावाटेच थेट यकृतात पोचते. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आईचं दूध यंत्रात फिरवून त्यातली चरबी वेगळी काढता येते.

काकूंना सगळ्यात जड गेलं ते तूप. "वरणभातावर तूप नाही घातलं तर अंग कसं धरेल गं?" त्यांचं दुखणं खरं होतं. बाळंतपणापासून आपण मुलाला तुपावरच वाढवतो. पण इथं तो एक चमचा, तोही लपून दिलेला, नळी पुन्हा भरू शकतो. "मग घरचं साय काढलेलं दूध?" साय काढली तरी दुधात बरीच चरबी उरते. "खोबरेल?" हा प्रश्न मला फार जण विचारतात. एमसीटी खोबरेलापासून काढतात हे खरं, पण खुद्द खोबरेलात लॉरिक आम्ल सर्वांत जास्त असतं आणि त्याचा मोठा भाग लसीकेच्याच वाटेनं जातो. ते एमसीटीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय काही चरबीची शरीराला थोडी तरी गरज असतेच. म्हणून हा आहार आहारतज्ज्ञांनी मोजून दिलेलाच हवा, शेजारणींनी सुचवलेला नव्हे. मीही त्यात आले.

एवढ्यानं न थांबल्यास तोंडानं काहीच न देता शिरेतून पोषण, ऑक्ट्रिओटाइड हे औषध, लसीकेच्या नळीत आतून अडसर बसवणं किंवा ती बांधून टाकणं हे पुढचे मार्ग आहेत. बांधायला जाताना सर्जन कधी कधी आधी नाकातल्या नळीतून साय किंवा तेल पोटात सोडतात, म्हणजे भोक कुठं आहे ते पांढरं होऊन दिसतं. जी चरबी इतके दिवस वर्ज्य, तीच इथं वाट दाखवते.

कधी कधी घरी गेल्यावरही पाणी साठतं. मूल दूध ओढेनासं होतं, फासळ्या आत खेचल्या जातात, श्वास वाढतो. 1 ते 5 वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त भरला, तर सकाळची वाट पाहू नये.

काकूंच्या नातवाची निचऱ्याची नळी अकराव्या दिवशी निघाली. सहा आठवडे वरणभात कोरडाच होता. मग एक्स-रे स्वच्छ आला आणि डॉक्टरांनी अर्धा चमचा तुपाला परवानगी दिली. आठवड्यानं पुन्हा एक्स-रे आहे. तोवर तो झोपला की काकू घड्याळ पुढ्यात घेऊन त्याचे श्वास मोजत बसतात.