टाकीतला दिवा नेमका कुणासाठी?

आंबोली घाट उतरून मालवणला जाऊन आलेली बेळगावची मंडळी हौसेनं फोटो दाखवतात. किल्ल्याजवळ बुडी मारलेली, खाली प्रवाळ, आणि फोटोत सगळं निळं-हिरवं. यात कॅमेऱ्याची चूक नाही. तांबडा प्रकाश पाणी पहिल्या काही मीटरांतच गिळतं, निळा तेवढा खोलवर पोचतो. टिळकवाडीतल्या घरात प्रवाळांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची, तर दिवा घेण्याआधी हे ध्यानात ठेवायला हवं.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला : "किती वॅटचा देऊ?" वॅटवरून विजेच्या बिलाचा अंदाज येईल, प्रवाळाचं पोट भरेल का ते नाही कळणार. प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतं. दिवा लावायचा तो या भाडेकरूसाठी.

शैवालाच्या कामाचा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो मोजतात 'पार' (PAR) या मापात. भर दुपारच्या उन्हात पार २००० च्या आसपास जातो. टाकीतल्या मऊ प्रवाळांना ५० ते १०० बहुधा पुरतो. फांद्याफांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० लागतो. उजेड मोजायचा साधा लक्समीटर इथे फसवतो, कारण तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं बनवलेला. निळा उजेड त्याला कमीच दिसतो. पार मीटर महाग आहे, पण कुणाकडून एका दिवसापुरता मागून आणला तरी काम भागतं.

महाकाय शिंपल्याची तऱ्हा आणखी गमतीची. त्याचं शैवाल बाहेर पसरलेल्या रंगीत पडद्यात, बारीक नळ्यांमध्ये असतं. वरच्या चकाकणाऱ्या पेशी नको असलेला हिरवा-पिवळा प्रकाश परतवतात आणि निळा-तांबडा आत खोलवर पसरवतात. आपण ज्या चकाकीवर भाळतो ती मुळात ही सोय. मॅक्सिमा आणि क्रोसिया या जातींना कडक उजेड लागतो, डेरासा आणि स्क्वामोसा कमी उजेडातही तगतात. पडद्याच्या कडेला शेकडो चिमुकले डोळे असतात. हाताची सावली पडली की शिंपला अंग आत ओढतो. (आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ आणि या शिंपल्यांच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. किनाऱ्यावरून उचलून आणायचा विचारही नको.)

नर्सरीच्या सावलीतलं रोप एप्रिलच्या उन्हात एकदम ठेवलं की करपतं, तसंच इथे. उजेड झेपेनासा झाला की शैवालात घातक ऑक्सिजन-रेणू साठतात, प्रवाळ त्याला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. म्हणून नवा एलईडी निम्म्या जोरावर सुरू करावा, मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावा. जुने मेटल हॅलाइड दिवेही चालतात, पण पाणी तापवतात.

खिडकीतल्या उन्हाचा भरवसा धरू नये. जूनपासून ते आपल्याकडे दिवसेंदिवस दिसत नाही की! टायमर लावून रोज आठ ते दहा तास उजेड द्यावा. आणि पावसात लाईट गेली तर इन्व्हर्टर आधी पंपाला जोडावा. एक दिवसाचा अंधार प्रवाळ सोसतो, पण पाणी हललं नाही तर टाकीतला प्राणवायू काही तासांतच उतरायला लागतो.