पाणपोई

पाणपोई म्हणजे वाटसरूला पैसे न घेता पिण्याचे पाणी मिळावे म्हणून रस्त्याकडेला केलेली सोय. बोलण्यात नुसते ‘पोई’ही म्हणतात, विदर्भात ‘प्याऊ’ हा शब्द जास्त कानावर पडतो. झाडाची सावली किंवा चार बांबूंवर टाकलेला मांडव, खाली ओल्या वाळूत बसवलेले दोन-तीन रांजण, त्यांच्या तोंडावर झाकण, लांब दांड्याचे ओगराळे आणि एखाददुसरा पेला एवढाच तिचा पसारा. गुढीपाडव्याच्या आसपास पोई मांडतात आणि मृगाचा पाऊस लागला की उठवतात. पाणी देणारा पिणाऱ्याला ओळखत नाही आणि दोघांची पुन्हा गाठ पडेल असेही नसते. पिणारा ओंजळ धरतो, पाणी पितो, ओला हात तोंडावरून फिरवतो आणि वाटेला लागतो. दोन अनोळखी माणसांमधला इतका थोडक्यात आटोपणारा आणि इतक्या गरजेचा व्यवहार दुसरा क्वचितच सापडेल.

‘पोई’ हा शब्द संस्कृत ‘प्रपा’शी जोडला जातो. अमरकोशात ‘प्रपा’चा अर्थ ‘पानीयशालिका’ असा दिला आहे. प्राकृतात तिचे ‘पवा’ झाले. धर्मशास्त्रात प्रपादान हे उन्हाळ्यातले मोठे दान मानले गेले. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान देण्याची चाल आजही घरोघरी आहे. दानाच्या इतर प्रकारांत घेणाऱ्याची पात्रता पाहण्याची रीत होती. इथे तहान हीच पात्रता ठरली. निदान शास्त्रात तरी. प्रत्यक्षात काय झाले ते पुढे येईलच.

रांजण आणि रोजचे भरणे

पोईचे पाणी गार का लागते, याचे उत्तर मातीच्या छिद्रांत आहे. भाजलेल्या मातीतून पाणी हळूहळू पाझरते, भांड्याचा बाहेरचा अंग ओला राहतो आणि ती ओल वाऱ्याने उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. त्या हिशेबाने 10 लिटरच्या माठातले 100 ग्रॅम पाणी उडाले, तर उरलेले पाणी सहा अंशांच्या आसपास उतरायला हवे. बाहेरची हवा सतत माठाला तापवत असते, म्हणून प्रत्यक्षात उतार त्याहून कमी पडतो. कुंभार मातीत घोड्याची लीद किंवा राख मिसळतात. लीद आव्यात जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात.

हवा जितकी कोरडी तितके पाणी गार. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि वारा पार सुकलेला असतो. तिथला रांजण दुपारीही दात शिवशिवतील असे पाणी देतो. कोकणात उन्हाची तलखी कमी नसते, पण हवा दमट असल्यामुळे ओल लवकर उडत नाही आणि माठ तितकासा गारवा देत नाही. रांजणाभोवती ओले फडके गुंडाळणे, बुडाशी वाळू घालून तिच्यावर पाणी शिंपडणे आणि वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशी जागा निवडणे, हे सारे ओल उडती राहावी यासाठी. पाण्यात वाळ्याची जुडी टाकतात ती मात्र वासासाठी.

पोई मांडणे सोपे आहे, चालवणे अवघड. 50 लिटरचा रांजण पाव लिटरच्या पेल्याने 200 माणसांत रिकामा होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी एवढी माणसे दुपार व्हायच्या आतच येऊन जातात. ऐन बाराला ओतलेले पाणी गार व्हायला काही तास लागतात, म्हणजे ते त्या दिवशीच्या तहानेला उपयोगी पडत नाही. म्हणून जाणती माणसे रात्री किंवा भल्या पहाटे रांजण भरतात आणि दोन रांजण आलटूनपालटून वापरतात: एकातले पाणी वाढायचे, दुसऱ्यातले निवत ठेवायचे. 15 लिटरचा हंडा धरला तरी एका रांजणाला तीन-चार खेपा पडतात. पूर्वी हे पाणी विहिरीवरून कावडीने नाही तर पखालीने यायचे. त्याशिवाय दर दोन-तीन दिवसांनी रांजण रिता करून आतून घासावा लागतो, नाही तर बुडाशी शेवाळ धरते. पोईतले खरे देणे या खेपांमध्ये आहे. रांजण विकत आणून देणाऱ्याचे नाव पाटीवर लागते. खेपा घालणाऱ्या माणसाचे नाव बहुधा कुठेच नसते, आणि ते माणूस बहुधा बाई असते.

ओगराळ्याने वरून धार सोडून ओंजळीत पाणी देण्याची पद्धत आरोग्याच्या दृष्टीने चांगली, कारण पिणाऱ्याचा हात रांजणात जात नाही आणि पेला उष्टा होत नाही. पण या धारेला दुसराही एक इतिहास आहे.

जुने दाखले

सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात दर आठ कोसांवर विहिरी खोदल्याचा आणि माणसे व जनावरे या दोघांसाठी जागोजागी पाणी पिण्याची ठिकाणे केल्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्रापुरता सर्वांत बोलका पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत सापडतो. तिथल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्या नावेतून फुकट पार करण्याची सोय केल्याचे आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ (विसाव्याच्या जागा) व ‘प्रपा’ बांधल्याचे त्यात नोंदवले आहे. दमणा म्हणजे आजची दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूजवळची नदी, असे अभ्यासक मानतात.

या ओळीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते ‘दोन्ही तीरांवर’. नाव पैलतीरी गेलेली असेल तर वाटसरूला ती परत येईपर्यंत काठावर ताटकळावे लागते. तेव्हा बसायला सावली हवी आणि प्यायला पाणी हवे. एकाच काठावर सोय केली तर अर्ध्या प्रवाशांचा घसा कोरडाच राहील. हा विचार करणारा माणूस, किंवा त्याच्या पदरी असलेला कोणी कारभारी, कधीतरी स्वतः नदीकाठी खोळंबलेला असला पाहिजे.

त्याच सुमाराच्या महाराष्ट्री प्राकृतातही पोई भेटते. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथांच्या संग्रहात पोईवरच्या तरुणीची एक गाथा आहे. वाटसरू वर तिच्याकडे पाहत, बोटे सैल सोडून, रेंगाळत पाणी पितो. आणि ती आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. संग्रह पुढे वाढत गेला, त्यामुळे नेमका काळ सांगणे कठीण आहे. मात्र उन्हाळ्यातली वाट, पोई आणि तिथे बसून पाणी देणारी स्त्री हे चित्र तेव्हाच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नव्हते, एवढे निश्चित.

घाटवाटांवर रांजणांऐवजी कातळात खोदलेली टाकी दिसतात. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात अशी टाकी आहेत. प्राकृत लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत तर व्यापारी आणि कारागिरांनी दिलेल्या पोढींचे अनेक लेख आहेत. ती टाकी मुख्यतः भिक्षूंसाठी होती.

जनावरांची तहान या परंपरेतून कधी सुटली नाही. विहिरीच्या काठाशी गुरांसाठी दगडी हाळ बांधलेला असतो, अंगणातल्या झाडाला पाखरांसाठी मातीचे परळ टांगतात. संत एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा मराठी मुलांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक होते.

कोणाला पाणी?

पोईचा इतिहास केवळ औदार्याचा म्हणून सांगितला तर तो खोटा ठरेल. शतकानुशतके गावोगावच्या पाणवठ्यांवर पाणी देण्याआधी जात विचारली गेली. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला रांजणाजवळ येऊ दिले जात नसे. कोणी दिलेच तर उंचावरून, अंतर राखून धार सोडली जाई, नाही तर त्याच्यासाठी वेगळे भांडे असे. पुढे रेल्वे आली तरी फलाटांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वाटणी झालीच. ज्या ओंजळीचे इतके कौतुक होते, तीच ओंजळ कित्येकांसाठी अपमानाची खूण होती.

ही भिंत पाडण्याचे काम महाराष्ट्रात पाण्यावरूनच झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये पुण्यातल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशांतून झालेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव होता. त्याला धरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावरचे पाणी कोणाच्या ओठांपर्यंत पोहोचले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने ते पाणी प्यायले. त्यानंतर तळ्याच्या वापरावरून झालेला खटला दहा वर्षे चालला आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. पुढे संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात भेदभावाला मनाई आली.

पाणपोईच्या नोंदीत महाडचे नाव पाहून कोणाला ते विषयाबाहेरचे वाटेल. मला ते अगदी मध्यावरचे वाटते. ‘कोण आहेस?’ हा प्रश्न पाण्याच्या आधी येत असेल, तर तिथे रांजण कितीही भरलेला असो, पोई नाही.

शहरांत

मुंबईत पाणपोयांनी दगडी रूप घेतले. विहार तलावाचे पाणी नळाने शहरात येऊ लागले ते 1860 च्या सुमारास. त्यानंतर गुजराती, कच्छी, पारशी व्यापाऱ्यांनी घरच्यांच्या स्मरणार्थ बाजारपेठांत, चौकांत आणि ट्रामच्या रस्त्यांवर नक्षीदार प्याऊ बांधले. मशीद बंदर परिसरातला केशवजी नाईक यांचा 1876 चा प्याऊ त्यांपैकी ठळक. छत्री, खांब, पाणी ओतणारी तोटी आणि खाली जनावरांसाठी डोण अशी यांची साधारण रचना. बैलगाडी हाकणारा आणि त्याचा बैल दोघेही तिथे थांबत. रस्ते रुंद झाले, ट्राम गेली, बैल गेले आणि बरेचसे प्याऊ कोरडे पडून फेरीवाल्यांच्या सामानाआड गेले. गेल्या काही वर्षांत त्यांतल्या काहींची डागडुजी होऊन पाणी पुन्हा सुरू झाले आहे.

पाण्याची बाटली विकत घेण्याची सवय लागल्यापासून पोईकडे वळणारी पावले कमी झाली. बाटलीत पाणी स्वच्छ असते, हा भरवसा त्यामागे आहे आणि तो सगळाच चुकीचा नाही. झाकण नसलेला, न घासलेला रांजण खरोखर आजार देतो. आता पुष्कळ ठिकाणी रांजणाच्या जागी 20 लिटरचे जार आले आहेत. त्यांच्यामागे मोठा फलक, फलकावर छायाचित्रे, उद्घाटनाला गर्दी. आणि पंधरा दिवसांनी जार रिकामे. पहिल्या दिवसाचा खर्च उचलणारे पुष्कळ भेटतात, चाळिसाव्या दिवशी पहाटे पाणी भरणारे थोडे. याचे वाईट वाटते, कारण गरज घटलेली नाही. बांधकामावरचे मजूर, हातगाडीवाले, घरपोच सामान पोहोचवणारी पोरे, कचरा वेचणाऱ्या बाया यांना दिवसाला चार बाटल्या विकत घेणे परवडत नाही, आणि उन्हात असतात तीच माणसे. अहमदाबादने 2013 मध्ये उष्म्याशी सामना करण्याचा शहरी आराखडा केला आणि त्यानंतर नागपूरसह इतर शहरांनीही तसे आराखडे केले. त्यांत सार्वजनिक ठिकाणी पिण्याचे पाणी ठेवणे हा एक उपाय आहे. वैशाखातल्या पोईचे काम आता आरोग्य खात्याच्या कागदावरही आले आहे.

पोईचे आणखी एक रूप आहे, त्याला पाटी नसते. दुकानाच्या पायरीवर, फाटकाबाहेर, रिक्षाथांब्यावर कोणीतरी एक माठ आणि पेला ठेवून देते. आषाढीच्या वाटेवर आळंदी आणि देहूहून निघालेल्या वारकऱ्यांसाठी गावोगावचे लोक पाण्याचे हंडे घेऊन उभे राहतात. ‘माउली, पाणी घ्या’ म्हणतात. तिथे समोरचा प्रत्येक अनोळखी माणूस माउलीच असतो, त्यामुळे नाव विचारायचे कारण उरत नाही.

मृगाच्या सरी आल्या की मांडव सोडतात, रांजण धुऊन पालथे घालतात. तीन-चार उन्हाळ्यांत पाण्यातल्या क्षारांनी त्यांची छिद्रे बुजत जातात आणि पाणी गार होईनासे होते. मग तो रांजण घरी नेऊन त्यात धान्य भरतात आणि पाडव्याला कुंभाराकडून नवा आणतात.