उपशामक शुश्रूषा

बरा न होणारा किंवा आयुष्य आक्रसत नेणारा आजार जडलेल्या माणसाच्या वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश आणि भीती कमी करण्यासाठी, तसेच त्याच्या घरच्यांना आधार देण्यासाठी दिली जाणारी सेवा. रुग्णालयांत ती पॅलिएटिव्ह केअर याच नावाने ओळखली जाते. कर्करोगाप्रमाणेच हृदय वा मूत्रपिंड निकामी होणे, फुप्फुसांचे जुनाट विकार, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश अशा आजारांतही तिची गरज पडते. ‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या’ असे सांगितल्यानंतरच ती सुरू होते, असा सर्वत्र समज आहे. खरे तर गंभीर आजाराचे निदान झाल्यापासून मूळ उपचारांच्या जोडीनेच ती मिळायला हवी. उशीर झाला की टाळता आल्या असत्या अशा वेदना रुग्णाने तोवर सोसलेल्या असतात.

आधुनिक उपशामक शुश्रूषेचा पाया सिसिली सॉन्डर्स यांनी घातला. परिचारिका, वैद्यकीय समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेचे केंद्र, सुरू केले. शरीराचे दुखणे, मनाची तगमग, पैशाची व घरची काळजी आणि ‘माझ्याच वाट्याला हे का’ हा प्रश्न मिळून रुग्णाची वेदना बनते, हे त्यांनी आग्रहाने मांडले.

भारतातील पहिले हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. डॉ. लुईस डिसोझा यांनी स्थापन केलेल्या या शांती अवेदना सदनाची शाखा गोव्यात लोटलीलाही आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देते. रुग्णासोबत घरचे माणूसही तिथे राहते आणि घरी गेल्यावर काय करायचे ते शिकून जाते. केरळने वेगळी वाट धरली. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले, आणि २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. महाराष्ट्रात मोठ्या शहरांबाहेर एवढे दाट जाळे अजून नाही, ही उणीव खेड्यातल्या रुग्णाला फार जाचते.

तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. ते अफूपासून बनते, आणि भारतात शेजारच्या मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात अफूची परवानाधारक शेती होते; तरी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे इथल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळेनासे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, पण भीती उरली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते; बद्धकोष्ठता मात्र होतेच, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून जोडीला देतात. दुखायला लागल्यावर गोळी शोधण्यापेक्षा ठरलेल्या वेळी डोस देणे महत्त्वाचे.

घरी शुश्रूषेचा भार बहुधा एकाच व्यक्तीवर पडतो, आणि बहुतेक घरांत ती पत्नी, मुलगी किंवा सून असते. कूस बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड लावणे, तोंड स्वच्छ करणे, रात्रीची जागरणे हे महिनोन्महिने चालते. नातेवाइकांनी भेटायला येऊन सल्ले देण्याऐवजी एक रात्र रुग्णापाशी थांबणे ही खरी मदत आहे.

आपल्या घरांत सर्वांत अवघड ठरते ते खरे बोलणे. ‘बाबांना सांगू नका, ते खचतील’ अशी विनंती डॉक्टरांना दाराबाहेर गाठून केली जाते. त्यामागे माया असते, पण रुग्णाला बहुधा सगळे उमगलेले असते. मग तो घरच्यांना जपण्यासाठी गप्प राहतो आणि घरचे त्याला जपण्यासाठी. बँकेची कागदपत्रे, एखाद्या भावाशी धरलेला अबोला, कुठे मरायचे आहे ही इच्छा, सगळे मनातच राहून जाते. सत्य एका दमात सांगायचे नसते. ‘तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतं?’ असे विचारून, रुग्ण जेवढे जाणू पाहतो तेवढेच पुढे जायचे असते.

शेवटच्या दिवसांत भूक जाते, झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वासाला घरघर लागते. जेवण बंद झाले की घरच्यांचा जीव कासावीस होतो. पण शरीराचे कामच मंदावलेले असते, आणि बळेबळे भरवलेला घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ओल्या कापसाने ओठ-जीभ भिजवणे पुरते. पुन्हा अतिदक्षता विभागात न्यायचे का, हे आधीच बोललेले बरे. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते.

शोकाची सुरुवात पुष्कळदा माणूस हयात असतानाच होते. मृत्यूनंतर ‘सुटले एकदाचे’ असे वाटते आणि लगेच त्या वाटण्याचीच लाज वाटते. दीर्घ शुश्रूषा केलेल्यांना हे दोन्ही होते, त्यात गैर काही नाही. सुतकाच्या दिवसांत शेजारून पिठलं-भात येतो, घर माणसांनी भरलेले असते. तेराव्यानंतर पाहुणे परततात, आणि औषधांच्या वेळांवर चाललेला दिवस रिकामा होतो. सोबत खरी तेव्हा हवी असते. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पाच अवस्था मुळात मरणासन्न रुग्णांच्या मुलाखतींतून आल्या होत्या. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने पार करायच्या पायऱ्या नव्हेत. शोकाचे अभ्यासक मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र अनुभवाच्या जवळ जाते: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी वीजबिल आणि मुलांच्या शाळेत गुंततो, आणि ही ये-जा हीच सावरण्याची रीत असते. ‘रडू नकोस, मुलांकडे बघ’ हा उपदेश म्हणूनच अर्धवट आहे.

सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र शोक तसाच राहिला आणि रोजचे व्यवहारही जमेनासे झाले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची दीर्घ शोकविकार म्हणून नोंद आहे. त्यावर समुपदेशनाचे उपचार आहेत. जगणे नकोसे वाटत असेल तर सहा महिने थांबू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.