पगारासाठी गेला, की पगार सांगून गेला?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एखादा हातचा सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) किंवा सुपरवायझर गेला की मालकाचं वाक्य ठरलेलं: "कागलला दोन हजार जास्त मिळाले, गेला." मच्छे-होनग्याच्या कारखान्यांतही तेच. काही माणसं खरंच पगारासाठी जातात. बरीचशी वरच्यांच्या कारभाराला विटून जातात आणि तोंडाने पगार सांगतात. राजीनाम्याचा कागद दोघांचा सारखाच, म्हणून औषधही एकच दिलं जातं.

पहिला प्रकार सगळ्यांना पाठ आहे. तो आधी एक-दोनदा वाढ मागतो, बाहेरचा आकडा सांगतो, तेवढा मिळाला की थांबतो.

दुसऱ्याने वाढ मागितलेलीच नसते. त्याची ग्रॅच्युइटी बघा: पाच वर्षं भरली की सोडताना मिळणारी रक्कम, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. सव्वाचार वर्षं झालेला, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,000 घेणारा सुपरवायझर अजून नऊ महिने थांबला असता तर 20,000 × 15 ÷ 26 × 5, म्हणजे सुमारे 57,700 रुपये घेऊन गेला असता. महिना दोन हजारांच्या वाढीतून तेवढे भरून यायला 29 महिने लागतात. पैशासाठी जाणारा एवढं गणित चुकवत नाही. दुसरी खूण याहून आधी दिसते: सकाळच्या मीटिंगमध्ये टूलवरून, रिजेक्शनवरून (नापास झालेल्या मालावरून) भांडणारा माणूस अचानक "हो साहेब, चालेल" म्हणू लागतो. मालकाला वाटतं, सुधारला. तो मनाने तेव्हाच गेलेला असतो.

हा माणूस तुटतो कुठे? बहुतेक एकाच जागी: जबाबदारी त्याची, हुकूम दुसऱ्याचा. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साच्याच्या वाळूचा ओलावा 3 ते 3.5 टक्क्यांवर धरलेला असतो. तो 4.5 वर गेला की कास्टिंगला (ओतीव भागाला) ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, येणार हे सुपरवायझरला मोल्ड भरतानाच कळतं. त्याला लाईन थांबवायची असते. डिस्पॅचची गाडी उभी आहे म्हणून वरून सांगतात, "चालू ठेव." दुसऱ्या दिवशी मशिनिंगमध्ये ब्लोहोल उघडे पडतात आणि रिजेक्शनच्या तक्त्यावर नाव त्याचं लागतं. दोन-तीनदा असं झालं की तो ओलावा मोजायचाच सोडतो, आणि मग नोकरी.

याचाच दुसरा अवतार म्हणजे मालकाने फेरी मारता मारता थेट ऑपरेटरला "हा जॉब काढ, तो लाव" सांगणं. सेटिंग मोडतं, पहिला पीस पुन्हा तपासावा लागतो, अर्धी पाळी जाते. शिवाय उद्यापासून ऑपरेटर सुपरवायझरला विचारत नाही. मला विचाराल तर ही सवय कमी पगारापेक्षा वाईट. गावची लक्ष्मी यात्रा कित्येक वर्षांनी येते. तिची सुट्टी सुपरवायझरने कबूल करायची आणि ऑफिसने आदल्या दिवशी रद्द करायची, हेही त्यातलंच. शब्द त्याचा जातो, आणि त्याला त्याच पोरांकडून काम करून घ्यायचं असतं.

अशा माणसाला तीन हजार वाढवून थांबवलं तर तो थांबेलही. पण ओलावा 4.5 वर आणि हुकूम वरचाच असेल तर काही महिन्यांत पुन्हा जाईल, आणि मध्ये बाकीच्यांना कळलेलं असेल की राजीनामा टाकल्याशिवाय वाढ मिळत नाही. त्यापेक्षा चार गोष्टी लेखी द्या: लाईन थांबवायचा अधिकार, मशीनवरचा माणूस बदलायचा अधिकार, दोन दिवसांपर्यंतची सुट्टी मंजूर करायचा अधिकार, आणि मालकाचा प्रत्येक निरोप त्याच्यामार्फत. चौथी पाळणं सगळ्यात अवघड जातं.

"का सोडतोस?" हा प्रश्न मात्र वाया जातो. त्याला अनुभवाचा दाखला हवा असतो, हिशेब पुरा करून घ्यायचा असतो, आणि बेळगावचे कारखानदार एकमेकांना ओळखतात. तो "पगार" म्हणणार, कारण त्यावर कुणी वाद घालत नाही. "बाहेर बघायला कधीपासून लागलास?" असं विचारा, तेही त्याच्या थेट साहेबाने नव्हे. महिना कळला की त्या महिन्याचं रिजेक्शन आणि सुट्टीचं रजिस्टर काढा.